हल नोटमुळे युद्ध झालं? तारखा काय सांगतात ते पाहा

"२६ नोव्हेंबर १९४१ ला अमेरिकेने 'हल नोट' हा निर्वाणीचा खलिता दिला. दुसरा मार्गच उरला नाही, म्हणून हुकूमशहा तोजोने पर्ल हार्बरवर हल्ला केला. सम्राटाला कशाची कल्पना नव्हती." हा मजकूर सतत फिरत असतो. त्यातले चारही दावे टिकत नाहीत.

"हल नोट हा निर्वाणीचा खलिता होता." हल नोट म्हणजे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांनी जपानला दिलेला प्रस्ताव. चीन आणि इंडोचायनातून सैन्य काढा, ही त्यातली मागणी जपानला जड होती, हे खरंच. पण त्यात मुदत नव्हती आणि युद्धाची धमकीही नव्हती. मुदत घातली होती ती टोकियोने, स्वतःच स्वतःला. १ नोव्हेंबरच्या संपर्क परिषदेत (सरकार आणि सेनादलांच्या प्रमुखांची बैठक) लष्कराचे उपप्रमुख त्सुकादा १३ तारखेच्या पुढे वाटाघाटी नकोत म्हणून अडून बसले. नौदलाने २० म्हटलं, मग ३० वर गाडी आली. पंतप्रधान तोजोंनी विचारलं, १ डिसेंबर चालेल का, एकच दिवस? नाही, ३० च्या मध्यरात्रीपर्यंतच. ५ नोव्हेंबरच्या शाही परिषदेने, म्हणजे सम्राटासमोरच्या बैठकीने, यावर शिक्कामोर्तब केलं. जपानी वेळेनुसार २६ च्या सकाळी पर्ल हार्बरवर जाणारा ॲडमिरल नागुमोंचा ताफा जपानच्या उत्तरेकडच्या हितोकाप्पू उपसागरातून निघाला, तेव्हा हल नोट जपानी राजदूतांच्या हाती पडायला अजून साधारण एक दिवस होता. वाटाघाटी जमल्या तर परत फिरण्याची सूचना ताफ्याला होती. म्हणजे शेवटचा निर्णय बाकी होता, पण यंत्रणा आधीच सुटली होती.

"दुसरा मार्गच नव्हता." १ नोव्हेंबरच्या त्याच बैठकीत तीन पर्याय मांडले गेले: युद्ध टाळून कळ सोसणं, लगेच युद्ध ठरवणं, किंवा तयारी आणि वाटाघाटी एकत्र चालवणं. अर्थमंत्री काया यांनी नौदलप्रमुख नागानोंना विचारलं, आपण लढलोच नाही तर अमेरिकेचं आरमार चालून येईल का? उत्तर आलं: सांगता येत नाही, पन्नास टक्के धरा. येणार नाही असं मला वाटतं, काया म्हणाले. परराष्ट्रमंत्री तोगोंनीही तेच म्हटलं. सकाळी ९ ला बसलेली बैठक रात्री दीडला उठली. मग दोघांनी मान तुकवली. अमेरिकेच्या तेलबंदीमुळे तेलाचा साठा रोज घटत होता आणि "आत्ताच" म्हणणाऱ्यांचं पारडं त्यानेच जड झालं. पण पर्याय टेबलावर होता आणि तो जाणूनबुजून बाजूला सारला गेला.

"तोजो हुकूमशहा होते." ६ सप्टेंबरच्या शाही परिषदेत, ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत जमलं नाही तर युद्ध ठरवायचं, असा ठराव झाला तेव्हा पंतप्रधान कोनोए होते. तोजो तेव्हा लष्करमंत्री होते आणि चीनमधून सैन्य काढायला त्यांचा ठाम विरोध होता, त्यामुळे त्यांची जबाबदारी मोठीच आहे. पण सेनेच्या कारवायांवर मंत्रिमंडळाचा हुकूम चालत नसे; दोन्ही दलांचे प्रमुख थेट सम्राटाला जबाबदार. लष्करप्रमुखपद तोजोंनी घेतलं ते फेब्रुवारी १९४४ मध्ये, आणि त्याच जुलैत त्यांना पायउतार व्हावं लागलं. १२ ऑक्टोबर १९४१ ला कोनोएंच्या घरी नौदलमंत्री ओइकावांनी "लढू शकत नाही" असं स्पष्ट म्हणायला हवं होतं. त्यांनी निर्णय पंतप्रधानांवर सोडला. एका माणसाच्या हट्टापेक्षा हे जास्त भयंकर आहे.

"सम्राटाला कल्पना नव्हती." ५ सप्टेंबरला लष्करप्रमुख सुगियामा सम्राटांना म्हणाले, दक्षिणेची (आग्नेय आशियातली) मोहीम तीन महिन्यांत आटपेल. चीनचं प्रकरण महिन्याभरात मिटेल असं तुम्हीच म्हणाला होतात, सम्राट म्हणाले. चीनचा अंतर्भाग अफाट आहे, सुगियामांनी सांगितलं. मग पॅसिफिक त्याहून अफाट नाही का? सुगियामांकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी, ६ सप्टेंबरला, तो युद्धाचा ठराव मंजूर झाला.