जामीन झाला, पण माणूस अजून हिंडलग्याच्या तुरुंगातच

जामिनाचा हुकूम झाला की वकील मोकळा होतो, कोर्ट पुढची केस पुकारतं, पोलीस दुसऱ्या बंदोबस्ताला जातात. हुकुमापासून खटल्याच्या पहिल्या तारखेपर्यंतच्या दिवसांना मात्र कुणी वालीच नसतो. कच्च्या कैद्यांचे निम्मेअधिक घोळ याच दिवसांत होतात, आणि आपली चर्चा जामीन द्यावा की देऊ नये एवढ्यावरच अडकलेली असते.

2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती. त्यातल्या 4,34,302 जणांचा खटला संपलेला नव्हता. चारातले तीन. जामीन मंजूर होऊनही आत बसलेलेही त्यात होते, कारण जामीनदार मिळत नाही.

कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागात हा जामीनदाराचा प्रश्न आणखी चिघळतो. आरोपी बेळगाव तालुक्यातला, मामा नि मेव्हणा पलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगड नाहीतर गडहिंग्लजचे. मामा सातबारा घेऊन येतो, तर इथे कर्नाटकातला पहाणी उतारा मागतात. परराज्यातल्या कागदाची खातरजमा तिथल्या तहसीलदाराकडून व्हायची, म्हणजे पत्र जाणार, उत्तर येणार, तोवर महिना गेला. खरं तर हा प्रश्न 1978 सालीच निकालात निघालाय. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याला ₹10,000 चा जामीन सांगितला होता आणि जामीनदाराची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला होता. सुप्रीम कोर्टाने त्याला ₹1,000 च्या स्वतःच्या हमीवर सोडायला सांगितलं आणि परजिल्ह्याचा जामीनदार नाकारण्यावर कडक शब्दांत लिहिलं. सुप्रीम कोर्टाच्याच 31 जानेवारी 2023 च्या आदेशातही स्थानिक जामीनदाराची अट घालू नये असं पुन्हा आहेच. अर्जात या दोन्हींचा उल्लेख करा. न सांगता कुणी आठवण ठेवत नाही.

तो 2023 चा आदेश प्रत्येक कैद्याच्या घरच्यांना माहीत हवा. जामिनाच्या हुकुमाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहात जायला हवी. सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर कारागृह अधीक्षकाने मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा कायदा सेवा प्राधिकाराच्या सचिवांना कळवायचं. सचिवांनी पॅरा लीगल व्हॉलंटियर (प्राधिकाराचा स्वयंसेवक) किंवा प्रोबेशन अधिकाऱ्याकडून घरच्या परिस्थितीचा अहवाल करून कोर्टापुढे ठेवायचा, म्हणजे अट सैल करता येते. "बाहेर सोडलं तर जामीनदार आणतो" असं कैदी म्हणाला, तर ठरावीक मुदतीचा तात्पुरता जामीन देण्याचा विचार कोर्ट करू शकतं. महिनाभरात बंधपत्र (जामिनाच्या हमीचा कागद) भरलं नाही, तर कोर्ट आपणहून अटी बदलू शकतं. एवढं सगळं लिहिलेलं असताना माणूस आत राहतो, कारण सातव्या दिवशी यादी काढायची कुणी, हे ठरलेलं नसतं. दर सोमवारी कारागृहातून "जामीन झाला, सुटका नाही" अशी एक पानी यादी प्राधिकाराकडे गेली, तरी अर्धं काम होईल. त्या यादीत कारणाचा रकाना हवाच: जामीनदार नाही, पैसे नाहीत, दुसऱ्या केसचं वॉरंट आहे, हुकुमात नाव चुकलंय. शेवटचं कारण वाटतं तितकं दुर्मिळ नाही. कन्नडातून इंग्रजीत जाताना आडनावाचं काय होतं, ते आपल्याकडे रेशनकार्डावर रोज बघतोच.

पैसे हे कारण असेल, तर गरीब कैद्यांसाठी केंद्राची 2023 ची योजना आहे. सुरुवातीच्या नियमांप्रमाणे जामिनासाठी ₹40,000 पर्यंत मदत, आणि निर्णय जिल्हा पातळीवरच्या समितीचा. अमली पदार्थ, दहशतवादविरोधी यूएपीए, मनी लाँडरिंग अशा कायद्यांखालच्या केसेस त्यातून वगळल्या आहेत.

आता देखरेखीकडे येतो. माझं मत स्पष्ट आहे. माणूस तारखेला हजर राहावा आणि साक्षीदारांच्या वाटेला जाऊ नये, या दोन कामांपुरतीच देखरेख हवी. यापलीकडची प्रत्येक अट कुणीतरी पाळायची आणि कुणीतरी तपासायची असते, आणि शेवटी ती मोडली म्हणून माणूस पुन्हा आत जातो.

उदाहरण म्हणून "परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर जायचं नाही" ही नेहमीची अट घ्या. बेंगळूरहून नकाशा बघणाऱ्याला ती साधी वाटते. पण शिनोळीची औद्योगिक वसाहत चंदगड तालुक्यात, म्हणजे जिल्हाच काय, राज्यही दुसरं. बेळगावची पोरं तिथे रोज दुचाकीवरून ड्युटीला जातात. निपाणीचा माणूस कागलला जातो, खानापूरचा गोव्यात गवंडीकामाला. अट शब्दशः पाळायची तर नोकरी जाते. नोकरी गेली की वकिलाची फी थांबते, मग तारखा चुकतात. म्हणून जामिनाच्या अर्जातच कारखान्याचं ओळखपत्र, हजेरीपत्रक नाहीतर ठेकेदाराचं पत्र जोडावं आणि "कामासाठी चंदगड तालुक्यात जाण्याची मुभा" असं ठिकाणासह मागून घ्यावं. "जिल्ह्याबाहेर जाण्याची परवानगी" असं मोघम मागितलं की ते नाकारणं सोपं होतं.

दुसरी अट पोलीस ठाण्यात हजेरीची. दर रविवारी जा, सही कर. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन भरलं की सगळं ठाणं बंदोबस्तावर असतं, रजिस्टर कपाटात आणि कपाटाची चावी साहेबांकडे. माणूस येऊन गेला याचा पुरावा राहत नाही, आणि पुढे "हजेरी दिली नाही" असा अहवाल जातो. उपाय दोन रुपयांचा आहे. स्वतःची छोटी वही ठेवायची. प्रत्येक वेळी तारीख, वेळ आणि ठाणे अंमलदाराची सही घ्यायची. सही मिळाली नाही तर त्याच दिवशी वकिलाला मेसेज टाकायचा. आणि ही अट आरोपपत्र दाखल होईपर्यंतच मागावी. तपास संपल्यावर दर रविवारच्या सहीने कुणाचं भलं होतं, ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

मोबाईलवरून चोवीस तास माग ठेवण्याचा मोहही हल्ली वाढलाय. गूगल मॅपवर पिन टाकून ठेवण्याची अट जुलै 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने फ्रँक व्हिटस प्रकरणात चुकीची ठरवली. ज्या अटीमुळे पोलिसांना आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवता येते, ती घालता येत नाही.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय म्हणजे आठवण करून देणं. न्यूयॉर्क शहरात कोर्टाच्या तारखेचे मेसेज पाठवून बघितले, तर गैरहजेरी सुमारे एक पंचमांशाने घटली. तारीख चुकवणारे सगळे पळपुटे नसतात. बरेच जण विसरलेले असतात, घाबरलेले असतात, नाहीतर कणकुंबीकडची सकाळची एसटी चुकलेली असते. पण आपल्याकडे मेसेज कुठे जाणार? कागदपत्रांवर जो नंबर असतो, तो फोन बहुतेक वेळा मुद्देमाल म्हणून पोलिसांकडेच पडलेला असतो! म्हणून सुटतानाच दोन नवे नंबर घ्यायचे. एक घरातल्या बाईचा, कारण बायकांचे नंबर सहसा बदलत नाहीत. दुसरा गल्लीतल्या दुकानदाराचा किंवा मंडळाच्या पोराचा. तारखेच्या आधी सात दिवस एक फोन, आदल्या संध्याकाळी एक, तोही मराठीत. कन्नड किंवा इंग्रजी मेसेज बँकेच्या जाहिरातींबरोबर तसाच न वाचता राहतो. आणि गैरहजर राहिला, तर त्याच दिवशी दुपारी तिसरा फोन. हा फोन सगळ्यात महत्त्वाचा. अजामीनपात्र वॉरंट निघालं तरी दोन-तीन दिवसांत स्वतः हजर होऊन ते रद्द करून मागितलं, तर कोर्ट सहसा समजून घेतं. महिनाभर लपून बसलं की बंधपत्र जप्त होतं, जामीनदाराला नोटीस जाते, वर भारतीय न्याय संहितेच्या कलम 269 खाली वेगळा गुन्हा. मग त्या गावात पुढच्या दहा वर्षांत कुणी कुणाला जामीन राहत नाही.

कारागृहाच्या दारातच हातात द्यायची एक चिठ्ठी असावी. पोस्टकार्डाएवढी, जाड कागदाची, मराठीत आणि कन्नडात. त्यावर केस नंबर, 16 अंकाक्षरी सीएनआर नंबर (ई-कोर्टवर केस शोधायचा क्रमांक), कुठल्या गावचं कोर्ट, हॉल नंबर, तारीख, किती वाजता पोचायचं, वकिलाचा फोन, प्राधिकाराची मोफत हेल्पलाइन 15100. खाली ठळक अक्षरांत अटी, पण माणसाच्या भाषेत: "अमक्याच्या घराकडे फिरकायचं नाही, फोन करायचा नाही, दुसऱ्याकडून निरोपही पाठवायचा नाही." आणि शेवटची ओळ: येणं जमत नसेल तर आदल्या दिवशी वकिलाला सांगा, हजेरीमाफीचा अर्ज देता येतो. हॉल नंबर पेनाने लिहावा, छापू नये, कारण केस दुसऱ्या कोर्टाकडे वर्ग होत राहते.

कौटुंबिक मारहाणीच्या केसेस मी वेगळ्या धरतो. तिथे फिर्यादी बाईला आधी कळवल्याशिवाय आरोपीची सुटका होऊ नये, आणि तो कुठे राहणार हे आधी ठरावं. दारूचा प्रश्न असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पाठवावं, पण जामिनाची अट म्हणून नको. अट केली की एक अपॉइंटमेंट चुकली तरी तुरुंग, आणि उपचार कायमचे सुटतात.

राहिले ते वर्षानुवर्षं आत असलेले. जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि आधी कधीच शिक्षा झालेली नसेल तर एक तृतीयांश काळ आत काढलेल्याला सोडायचं असतं. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळलेत. घरातल्या चोरीला कमाल सात वर्षं, म्हणजे पहिल्यांदाच सापडलेल्याचे 28 महिने. अर्ज करणं अधीक्षकाचं कर्तव्य आहे, आणि जुन्या केसेसनाही हे लागू असल्याचं ऑगस्ट 2024 मध्ये सुप्रीम कोर्टात स्पष्ट झालं. अडतं ते पोटकलम 2 वर: एकापेक्षा जास्त केसेस चालू असल्या की हा फायदा मिळत नाही. आपल्या भागात ती दुसरी केस बऱ्याचदा सीमेपलीकडची निघते, चंदगड नाहीतर कागलच्या कोर्टात विसरून गेलेली हाणामारी. बेळगावच्या वकिलाला तिचा पत्ता नसतो, आणि कोल्हापूरच्या प्राधिकाराला माणूस हिंडलग्यात आहे हे माहीत नसतं. ई-कोर्टच्या ॲपवर दोन्हीकडच्या कोर्टांत नावाने शोधायला दहा मिनिटं लागतात. नावाची स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा, वडिलांच्या नावासह. केस सापडली की तिचा सीएनआर नंबर घेऊन कोल्हापूरच्या प्राधिकाराकडे मोफत वकिलाची लेखी मागणी करा. कोठडीतल्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.