रोट त्यांचा, फोटो माझे

बायकोच्या गोतावळ्याचे फोटो काढता काढता परका माणूस घरचा होतो, असं एका लेखात वाचलं. मला अर्धंच पटलं. मी चिपळूणचा, सासरवाडी अमळनेर तालुक्यात. 2004 पासून दर श्रावणात कानबाईला, म्हणजे खानदेशातल्या या देवीच्या उत्सवाला, कॅमेरा घेऊन जातो. रोटासाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ मोजून घेतात आणि आमच्या सासरी तो रोट फक्त भाऊबंदांनीच खायचा. म्हणजे सोमवारी विसर्जनाला फुगड्या घालणाऱ्या काकूंपर्यंत सगळं माझ्याकडे आहे, रोटाची चव तेवढी नाही. (बाकी जावयाला काही कमी पडत नाही, तक्रार नाही!)

पहिली पाच-सहा वर्षं सगळे रांगेत ताठ. अहिराणी कळून मी योग्य जागी हसू लागलो, तेव्हा चेहरे सैल झाले. आजेसासूबाई मात्र कॅमेरा दिसला की पदर ओढायच्या. त्या गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो शोधला, तर सगळे पदराआडचे. शेवटी एकात मागे चुलीपाशी कळण्याची भाकरी थापताना बेसावध सापडल्या. तोच मोठा करून लावलाय.

परवा मेव्हण्याच्या मुलीनं अल्बम चाळत विचारलं, "फुवाजी, तुम्ही पप्पांच्या लग्नाला आला नव्हता का?"