आजाऱ्याचा समाचार कसा घ्यावा

श्रद्धा कृतीत उतरवायची आहे ना? मग अंथरुणाला खिळलेला माणूस गाठा. ताप-खोकलावाला नको, तो उठून आतल्या खोलीत जाऊ शकतो.

आधी फोन करू नका. प्रभूचा दिवस रात्री चोर येतो तसा येणार आहे, तुम्हीही तसेच जा.

दोघे-तिघे माझ्या नावाने जमतात तिथे मी असतो, असं बायबलात मत्तयाच्या 18व्या अध्यायात आहे. तरी आठ जण न्या. उगाच जोखीम कशाला?

प्रार्थना लांबलचक करा. प्रभूने शिकवलेली प्रार्थना सावकाश म्हटली तरी मिनिटभरात आटोपते, पण त्याला काय, त्याला घाई असेल. आमच्याकडे गेल्या रविवारी चर्चमधून आलेल्यांना नव्हती. आईच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन अकरावा दिवस. तिला नुकतंच पलंगाच्या कडेला बसवून वॉकर पुढ्यात ठेवला होता, तेवढ्यात बेल वाजली. मंडळी आत आली, पलंगाभोवती उभी राहिली आणि डोळे मिटून सुरू झाली. इस्राएल लोक मिसरातून निघाले, चाळीस वर्षं अरण्यात भटकले, त्यातलं एकही वर्ष गाळलं नाही. आई माझ्याकडे बघून बोटाने खुणा करत होती. मी दोनदा खाकरलो. त्यावर एकाने "हालेलुया" म्हटलं. आमेन झाल्यावर फोटो. "मावशी, जरा हसा की!" चादर नीट ओढली, मांडीवर बायबल ठेवलं, एकाचे डोळे मिटलेले आले म्हणून पुन्हा एक काढला. मग बूट घालता घालता, "काही लागलं तर हक्काने सांगा हं." आई म्हणाली, "मला बाथरूमला जायचंय." तोवर जिन्यात पोचले होते सगळे.

आम्ही बाथरूमच्या दारापर्यंत पोचलो नाही. आई रडली. पडल्यावर रडली नव्हती ती.

फोटो लगेच चर्चच्या ग्रुपवर टाका. खाली ओळ घाला: 'मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्या समाचारास आलात.'

उष्टे कप तिथेच राहू द्या.

आठ कप होते. योहानाच्या 13व्या अध्यायात गुरू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे धुळीचे पाय धुतो. त्यावर दरवर्षी गहिवरून प्रवचन देणाऱ्याचा कपही त्या आठांत होता. येशूच्या दाखल्यातला, वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाला उचलणारा तो शोमरोनी आठवतो ना? त्याने जखमांवर तेल-द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली, निघताना दोन दीनार दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी. वर, जास्त खर्च झाला तर परतताना देईन म्हणाला. लूकाने सगळं बारकाईने लिहिलंय. प्रार्थना केल्याचं मात्र कुठे लिहिलेलं नाही. आणि तुमच्याकडून कुणी दीनार मागितले होते? दोन तास आईजवळ बसाल का, एवढंच मी त्याच ग्रुपवर विचारलं होतं, मला औषधं आणायची होती म्हणून. जोडलेले हात आले नुसते. मोजले मी, एकोणतीस! लाज वाटत नाही?

शुक्रवारी पुन्हा येतोय असा निरोप आलाय. या. पण एकानेच या, फोन करून या, आणि आल्या आल्या डोळे मिटू नका. आईकडे बघा. तिला उठायचंय का, ते विचारा.