‘टेन्शन हे पैसेवाल्यांचं फॅड’ म्हणणाऱ्या सडेतोड काकांना उत्तर

मागच्या आठवड्यात टेन्शन आणि त्यात वाढणाऱ्या कॉर्टिसॉल नावाच्या हार्मोनवर जी पोस्ट टाकली होती, तिच्याखाली ‘सडेतोड’ या नावाने एका काकांची भलीमोठी प्रतिक्रिया आलीय. तिथेच उत्तर लिहायला बसलो पण ते एवढं वाढत गेलं की म्हटलं वेगळंच टाकू. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काका एसटीत कंडक्टर होते, अख्खी नोकरी घाटात गेली, तर टेन्शन काय असतं ते औषधांच्या दुकानात एसीखाली बसून आम्हाला शिकवू नका असं म्हणतात. त्यांच्या आजोबांनी 72 चा दुष्काळ काढला, खडी फोडली, रेशनवरची मिलो ज्वारी खाल्ली, पण बीपी-शुगर कधी झाली नाही, तेव्हा हे पैसेवाल्यांचं फॅड आहे, मन घट्ट असलं की शरीराला काही होत नाही. वर आधी डॉक्टर म्हणायचे अल्सर टेन्शनने होतो, मग जंतू सापडला, म्हणजे तुमचं सायन्स दर दहा वर्षांनी पलटी मारतं. आणि शेवटचं, सगळ्यात झोंबणारं, की माणसाचं वागणं हार्मोनवर ढकललं की उद्या बायकोवर हात टाकणाराही म्हणेल, माझं काय चुकलं, माझं कॉर्टिसॉल वाढलं होतं.

काका, पहिलं म्हणजे दुकानात एसी नाही. फ्रीज आहे, तो इन्सुलिनसाठी.

आता मन घट्ट वगैरे जे म्हणालात त्याचंच आधी घेतो, कारण माझ्या काउंटरवरून जे दिसतं ते मला पुस्तकापेक्षा जास्त पटतं. आमच्याकडे एक मावशी येतात, साठीच्या आतबाहेर वय. घरची जमीन, मुलगा नोकरीला, सून चांगली, नातू मांडीवर, म्हणजे टेन्शन म्हणावं असं काही नाही. गुडघे दुखायचे म्हणून बाजारातल्या कुणा वैद्याकडून पुड्या आणायला लागल्या, आणि काय जादू, आठ दिवसात मावशी जिना चढायला लागल्या. सगळ्या आळीत त्या वैद्याचं नाव झालं. मग हळूहळू भूक वाढली, चेहरा गोल गरगरीत झाला, मानेमागे मांसाचा उंचवटा आला, हातपाय मात्र बारीक, आणि हाताला नुसतं दार लागलं तरी काळंनिळं पडायचं. एक दिवस सून एकटीच आली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘दादा, आई रात्री दोनला उठून भांडी घासायला बसतात, आणि मी भाजीत मीठ कमी घातलं म्हणून परवा ढसाढसा रडल्या, असं कधी करत नव्हत्या.’ शुगर तपासली तर तीनशेच्या वर.

आता गंमत ऐका. डॉक्टरांनी सकाळचं रक्त कॉर्टिसॉलसाठी पाठवलं, तर रिपोर्ट जवळजवळ शून्य. लक्षणं सगळी कॉर्टिसॉल जास्त झाल्याची आणि रक्तात कॉर्टिसॉलच नाही! कारण पुडीत जे होतं ते बहुतेक डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड, कारखान्यात बनलेला कॉर्टिसॉलचा भाऊ, काम तेच करतो पण कित्येक पट जोराने, आणि कॉर्टिसॉलच्या टेस्टमध्ये तो दिसत नाही. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या वर चारपाच ग्रॅमची एकेक अॅड्रिनल ग्रंथी असते, तिला मेंदूतून पिट्युटरी नावाच्या छोट्या ग्रंथीमार्फत ऑर्डर येते की कॉर्टिसॉल सोड, आणि कॉर्टिसॉल पुरेसं झालं की तेच परत मेंदूला कळवतं की बास आता. मावशींच्या मेंदूला बाहेरून आलेला माल बघून वाटलं की भरपूर आहे, त्याने ऑर्डर बंद केली, ग्रंथी झोपली. म्हणून अशी पुडी चालू असलेल्याने ती एका दिवसात फेकून द्यायची नसते, एकदम थांबवली तर बीपी कोसळतं, उलट्या होतात, माणूस जाऊही शकतो, डॉक्टरकडून हळूहळूच उतरवावी लागते. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी पुडी असेल तर एवढं तरी लक्षात ठेवा.

मुद्दा हा की मावशींचं मन घट्टच होतं, तुमच्या-माझ्यापेक्षा घट्ट. फक्त रक्तात एक रसायन वाढलं, तर शुगर, कातडी, झोप, भूक, रडणं, सगळं बदललं. आणि आपल्या शरीराला काळजी लागली की याच जातीचं रसायन ते स्वतः बनवतं. एवढं मावशींइतकं नाही बनवत, टेन्शनने कुणाचा चेहरा चंद्रासारखा गोल होत नाही, ते ‘कॉर्टिसॉल फेस’वाले व्हिडिओ बघून माझ्याकडे पावडर मागायला येणाऱ्या मुलींनी जरा थांबावं. पण थोडं थोडं, रोज, नको त्या वेळी बनवत राहतं.

नको त्या वेळी हे महत्त्वाचं आहे, कारण कॉर्टिसॉल काही विष नाही, ते नसेल तर आपण सकाळी अंथरुणातून उठणार नाही. पहाटेपासून ते वाढत जातं, उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यात वर असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात खाली. हे चक्र बिघडायला फार मोठं दुःख लागतं असंही नाही. 1999 साली शिकागोच्या संशोधकांनी 11 धडधाकट तरुणांना सलग 6 रात्री फक्त 4 तास झोपू दिलं, तेवढ्यात त्यांचं संध्याकाळचं कॉर्टिसॉल वर राहायला लागलं आणि शरीराची साखर आवरायची ताकद घटली. तुम्ही मुक्कामाच्या गाडीवर रात्री काढल्या आहेत, पहाटेची पहिली गाडी पकडलीय, तुम्हाला मी झोपेचं काय सांगणार.

आणि मावशींच्या पुडीतलं हेच औषध जीवही वाचवतं बरं का. जून 2020 मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये दिसलं की व्हेंटिलेटरवरच्या कोविड पेशंटना स्वस्तातलं डेक्सामेथासोन दिलं तर मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. पुढच्याच वर्षी आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या चिठ्ठ्या घेऊन ऑक्सिजन चांगला असलेले लोकही स्टेरॉइड मागायला यायचे, आणि मग 2021 च्या मे महिन्यात काळ्या बुरशीची लाट आली, गुजरात आणि महाराष्ट्र यादीत वरती होते, त्यातले कितीतरी पेशंट वाढलेली शुगर आणि स्टेरॉइड या दोन्हीच्या कात्रीत सापडलेले. प्रतिकारशक्ती दाबणं हा या रसायनाचा गुण आहे आणि तोच दोष.

अल्सरचं म्हणाल तर जंतू सापडला हे शंभर टक्के खरं. ऑस्ट्रेलियाचे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी ते दाखवलं, लोक ऐकेनात म्हणून मार्शलनी 1984 मध्ये त्या जंतूचं पाणी स्वतः पिऊन पोट बिघडवून घेतलं, 2005 ला दोघांना नोबेल मिळालं. पण काका, जगातल्या निम्म्या लोकांच्या पोटात हा जंतू सापडायचा, आणि अल्सर मात्र त्यातल्या थोड्यांनाच. 17 जानेवारी 1995 ला जपानमध्ये कोबेचा भूकंप झाला, त्यानंतर तिथल्या हॉस्पिटलांत रक्त पडणारे अल्सर वाढले, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत. जंतू आदल्या दिवशीही पोटात होताच की. त्यामुळे पलटी वगैरे काही नाही, एक कारण होतं तिथे दोन झाली, आणि तिसरं म्हणजे पेनकिलर, त्यावर मी वेगळं लिहिणार आहे कारण त्या रोज माझ्याच हातून जातात.

आता आजोबा आणि दुष्काळ. आजोबांबद्दल आदर आहेच, पण 72 ला तुमच्या गावात बीपीचं मशीन होतं का? माणूस अचानक गेला की गेला, कशाने गेला ते कोण तपासत होतं? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या देशात सरासरी आयुष्यच पन्नाशीच्या आसपास होतं, तेव्हा साठीनंतरचे रोग दिसायला माणसं तरी उरायला हवी होती. शिवाय कॉर्टिसॉल रक्तात साखर आणून टाकतं ती हातपाय चालवायला. खडी फोडणाऱ्याची ती साखर संध्याकाळपर्यंत जळून जाते. खुर्चीत बसून बँकेचा मेसेज वाचणाऱ्याची जळत नाही.

पण ‘पैसेवाल्यांचं फॅड’ हे मात्र मला अजिबात मान्य नाही, आणि इथे मी भांडणार. 1967 पासून लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे 18 हजार पुरुष नोकरदारांचा अभ्यास झाला, व्हाइटहॉल स्टडी म्हणतात त्याला, मायकेल मार्मट यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. सगळ्यांना वाटत होतं की मोठ्या साहेबाला टेन्शन जास्त, त्यालाच हार्ट अटॅक येणार. निघालं उलटंच. सगळ्यात खालच्या पायरीवरच्या, निरोप पोचवणाऱ्या शिपाई लोकांत हृदयविकाराने मरायचं प्रमाण सगळ्यात वरच्या साहेबांच्या 3.6 पट. यातला कुणी उपाशी नव्हता, सगळे पक्क्या नोकरीत, दवाखाना सरकारी फुकट. बिडी-सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं हिशोबात धरलं तरी फरक पूर्ण मिटेना. मग 1985 ला दुसरा अभ्यास सुरू केला, यावेळी बायकाही घेतल्या, आणि त्यात जे पुढे आलं ते हे की आपल्या कामावर आपला काही ताबा नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्यात हृदयविकार जास्त. साहेबाला काम ढीगभर असेल, पण कधी करायचं, कुणावर ढकलायचं हे तो ठरवतो, शिपायाला बेल वाजली की उठायचंय. मला यात ब्रिटन दिसत नाही, मला आमच्या गावातली कंत्राटावरची पोरं दिसतात, महिना संपला की पुढचा करार होईल की नाही हे माहीत नसलेली, तिशीत बीपीची गोळी सुरू झालेली. त्यांना काका तुम्ही म्हणणार का की हे पैसेवाल्यांचं फॅड?

सगळं टेन्शनच्या खात्यावर टाकायचं नसतं हेही खरं, आणि त्याचं उदाहरण तर तुमच्याच धंद्यातलं आहे. 1953 मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसवाल्यांवर अभ्यास छापला. ड्रायव्हरच्या मानाने कंडक्टर लोकांत हृदयविकार बराच कमी, झाला तरी सौम्य. ट्रॅफिकचं टेन्शन ड्रायव्हरला असं कुणीही म्हणेल, पण मॉरिस यांचं लक्ष गेलं ते कंडक्टर दिवसभर डबलडेकरचे जिने चढतो-उतरतो तिकडे. पुढे त्यांनी कर्मचाऱ्यांच्या युनिफॉर्मची मापं काढली तर ड्रायव्हरच्या पँटी नोकरीला लागतानाच कमरेत मोठ्या होत्या! म्हणजे चालणं, वजन, टेन्शन, सगळा गुंता. तुमची तब्येत आज चांगली असेल तर त्याचं थोडं श्रेय गच्च भरलेल्या गाडीत पुढून मागे सरकत तिकिटं फाडण्याला द्या, सगळंच घट्ट मनाला नको.

राहिला बायकोवर हात टाकणारा. या मुद्द्यावर तुमचा राग योग्य आहे, फक्त तो माझ्यावर काढू नका. हार्मोन माणसाला चिडचिडा करतं, झोप उडवतं, सबुरी कमी करतं, विचार करून वागायच्या जागी जुन्या सवयीने वागायला लावतं, इथपर्यंत मान्य. पण कॉर्टिसॉलला समोर कोण आहे ते कळत नाही. जो माणूस बँकेत मॅनेजरसमोर हात जोडून उभा राहतो, चौकात पोलिसाने अडवलं तर साहेब साहेब करतो आणि घरी येऊन बायकोला मारतो, त्याचं रसायन तिन्ही ठिकाणी तेच होतं. कुणावर हात उचलला तर चालतं हे त्याने शिकलेलं आहे, रक्ताच्या कुठल्याच रिपोर्टमध्ये ते येत नाही. मावशी ढसाढसा रडल्या, रात्रीची भांडी घासली, सुनेला एक चापट मारली नाही.

त्याच वेळी ज्याची सबुरी संपलीय त्याला नुसतं ‘मन घट्ट कर’ सांगणं हाही आळशीपणाच. 2013 साली तामिळनाडूतल्या 464 ऊसवाल्या शेतकऱ्यांवर एक अभ्यास छापून आला. त्याच माणसांना ऊस तुटायच्या आधी हात आखडलेला असताना कोडी घातली, आणि ऊस जाऊन पैसे आल्यावर परत घातली. आधीच्या वेळी त्यांना ती कमी सुटली. अक्कल तीच, माणूस तोच. हा अभ्यास हार्मोनचा नव्हे, म्हणून तो मी कॉर्टिसॉलच्या खात्यावर टाकत नाही, पण आमच्याकडेही कारखान्याचं बिल अडकलं की माझ्या उधारीच्या वहीत पानं वाढतात आणि त्याच दिवसात लोक गोळ्या चुकवतात, सकाळची रात्री घेतात, इन्सुलिन घरी विसरून लग्नाला जातात. त्यांना ओरडून काय होणार? आम्ही पाकिटावर मोठ्या अक्षरात वेळ लिहून देतो आणि सुनेच्या नाहीतर लेकीच्या फोनवर आठवण टाकतो.

जाता जाता एका गोष्टीवर तुमच्याशी सहमत, म्हणजे ‘अॅड्रिनल थकलीय’ म्हणून जे महागडे डबे विकतात ते फॅडच. हार्मोनच्या डॉक्टर लोकांच्या संघटनाही असा आजार मानत नाहीत. माझ्याकडे ते डबे मिळत नाहीत, मार्जिन चांगलं आहे म्हणून एजंट दर महिन्याला येऊन बसतो तरी.

आणि प्रतिक्रियेच्या अगदी शेवटी तुम्ही हळूच विचारलंय की एवढं कळतं तर झोपेची एखादी अल्प्राझोलाम पाठवाल का, हल्ली रात्री दोन-तीनला जाग येते. काका, ती शेड्यूल एच-वनमधली, म्हणजे कडक नियमांच्या सरकारी यादीतली गोळी आहे, चिठ्ठी लागते, पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव रजिस्टरला लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. चिठ्ठीशिवाय तुम्हालाही नाही. त्यापेक्षा एक करा, सकाळी उपाशीपोटी शुगर आणि एकदा बीपी तपासून घ्या आणि दोन्ही आकडे घेऊनच डॉक्टरकडे जा. रात्री लघवीला उठावं लागतं का तेही त्यांना सांगा, ते तुम्ही लिहिलेलं नाही.