सिस्टिम लाइव्ह झाली ना? मग आता हात लावू नका

नवी सिस्टिम लाइव्ह झाली, अभिनंदनाचे मेल फिरले, डेव्हलपरांची टीम दुसऱ्या प्रोजेक्टवर गेली. आता तुमच्याकडे एकच काम उरलं: तिच्याकडे ढुंकूनही न पाहणं.

पहिलं पथ्य पैशाचं. अख्खं बजेट बांधणीतच संपवा. देखभालीसाठी पैसे मागायचे म्हणजे सिस्टिम कच्ची आहे असं आपणच कबूल करायचं. लिएंट्झ आणि स्वॉन्सन या अभ्यासकांनी १९८० साली ४८७ संस्थांची पाहणी मांडली. देखभालीचा मोठा वाटा चुका दुरुस्त करण्यात जात नाही, युजरांच्या बदलत्या गरजा भागवण्यात जातो, असं त्यात दिसलं. म्हणजे दोष युजरांचाच! त्यांना गरजा बदलू दिल्या नाहीत की खर्च शून्य. मंजुरी घेताना तुम्ही फायद्यांचा जो देखणा तक्ता जोडला होता, तो कुणी उकरून काढलाच तर "सिस्टिम अजून स्थिरावतेय" म्हणा. हे वाक्य सहज पाच वर्षं पुरतं.

मग लॉगिन. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती बंद करायची घाई नको. माणूस गेला तरी संबंध कशाला तोडायचे? ऑडिटर मागतो म्हणून वर्षातून एकदा विभागप्रमुखांना युजरांची एक्सेल शीट पाठवा. चारेकशे ओळी, शेवटच्या कॉलममध्ये 'योग्य की अयोग्य'. साहेब पहिल्या खान्यात 'योग्य' लिहितात, सेलचा कोपरा धरून तळापर्यंत ओढतात आणि मेल परत. आला ४.०२ ला, गेला ४.०३ ला. यादीत त्यांच्या आधीचे साहेब आहेत, 'टेस्ट१' आहे, आणि बिल टाकायचं व तेच बिल मंजूर करायचं असे दोन्ही अधिकार असलेला एक हरहुन्नरी कारकूनही आहे. तिघंही योग्य. अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइन कंपनीवर मे २०२१ मध्ये सायबर हल्ला झाला; हल्लेखोर शिरले होते ते अशाच एका वापरात नसलेल्या व्हीपीएन खात्यातून, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये यायच्या दारातून. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी मोजली. पण कोणाचं तरी जुनं खातं अखेर कामी आलं, हे नाकारता येईल का?

बॅकअपबद्दल तर निर्धास्त राहा. रोज 'बॅकअप यशस्वी' असा मेल येतो, तो उघडायचीही गरज नाही. रिस्टोअर करून, म्हणजे बॅकअपमधून डेटा खरंच परत येतो का ते बघणं हा निव्वळ आगाऊपणा. गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री एका इंजिनिअरने चुकून भलत्याच सर्व्हरवरचा, म्हणजे चालू डेटाबेसचा डेटा उडवला. बॅकअपचे एकूण पाच मार्ग होते; ऐन वेळी एकही धड चालला नाही. रोजचा बॅकअप कधीपासून फसत होता, पण तो फसल्याचे मेलच मध्ये कुठेतरी अडत होते. शेवटी त्याच इंजिनिअरने चाचणीसाठी सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाती लागली, म्हणून निभावलं. एवढं करून त्यांनी सगळा प्रकार जगजाहीर केला. तुम्ही हा वेडेपणा करू नका.

जुना कोडही काढू नका. आठवण म्हणून राहू द्या. नाइट कॅपिटल या शेअर दलालीतल्या कंपनीने २००३ पासून न वापरलेला कोड असाच जपून ठेवला होता. १ ऑगस्ट २०१२ ला नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर चढला, आठव्यावर राहिला, आणि तिथे तो जुना कोड जागा झाला. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरवर पाणी. बाजार उघडण्याआधी सिस्टिमने चूक दाखवणारे ९७ मेल पाठवले होते, पण मेल वाचायला का माणसं नेमतात? (नवा कोड चढल्यावर दुसऱ्या कुणीतरी तो तपासावा, असा लेखी नियमही तिथे नव्हता. कागदाची केवढी बचत!)

राहता राहिला ऑडिटर. त्याला घाबरू नका. त्याला हवे असतात स्क्रीनशॉट. ते द्या, तारीख दिसणार नाही असे कापून द्या. बदलांच्या मंजुऱ्या नसतील तर तो येण्याच्या आदल्या आठवड्यात सगळी टिकेटं, म्हणजे बदलांच्या मागणी-मंजुरीच्या नोंदी, एका बैठकीत भरून टाका. सगळ्यांवर एकाच दुपारची वेळ दिसली तर "सिस्टिम मायग्रेशन", म्हणजे नोंदी नव्या जागी हलवल्या, असं गंभीर चेहऱ्याने सांगा. अहवालात मुद्दा आलाच, तर उत्तरात 'नोंद घेतली, कार्यवाही सुरू आहे' लिहा आणि मुदत द्या पुढच्या मार्चअखेरची. मार्च उलटला की त्याच ओळीत फक्त साल बदला. काही वर्षांनी ऑडिटरही बदलतो. नवा माणूस मोठ्या उत्साहाने तोच मुद्दा 'नवीन निरीक्षण' म्हणून लिहितो, आणि तुमची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.