‘सर्टिफिकेटवालं खरं वाघनख’ कायद्यात बसतच नाही

येत्या रविवारी माझ्या भाच्याचं बारसं आहे. आत्या मी, त्यामुळे पाळण्याशी वाकून कानात नाव सांगायचा मान माझा आणि गळ्यात काहीतरी घालायची जबाबदारीही माझीच. परवा रात्री भावाने खरं वाघनख विकणाऱ्याचा एक मेसेज पाठवला. ‘ताई, हेच घेऊया का? सर्टिफिकेट मिळतं म्हणे.’ तोच मेसेज मला सकाळी काकूंकडून आला होता आणि दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर. परक्या कुणी पाठवला असता तर पुसून टाकला असता, पण हा आमच्या पाळण्यापर्यंत आलाय.

मेसेजमध्ये लिहिलंय ते थोडक्यात असं. देशात वाघ आता ३,६८२ झालेत, म्हणून बंदी नावापुरतीच उरली आहे. नैसर्गिकरीत्या मेलेल्या वाघांची नखं वन खात्याच्या सर्टिफिकेटसह मिळतात. महाराजांच्या हातात वाघनखं होती, तेव्हा मराठी घरात बाळाच्या गळ्यात खरं नख हवंच, त्याने दृष्ट लागत नाही. आणि सरकारने चीनसारखी वाघांची फार्म काढली तर शिकार आपोआप थांबेल. शेवटी एक मोबाइल नंबर.

सर्टिफिकेटचं आधी घेते, कारण शिकलेला, बँकेत नोकरी करणारा माझा भाऊ नेमका त्यालाच भुलला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. वाघ त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. कायदा येण्याआधीची कातडी, मुंडकी, नखं ज्यांच्या घरात होती, त्यांना ती जाहीर करून मालकीचं प्रमाणपत्र घ्यायची सोय होती. राहून गेलेल्यांना २००३ मध्ये आणखी एक संधी दिली गेली. ते प्रमाणपत्र म्हणजे ही वस्तू अमक्याच्या ताब्यात आहे एवढी नोंद, विकायचा परवाना नव्हे. कायद्याप्रमाणे प्रमाणपत्रवाल्यालाही ती वस्तू विकता येत नाही आणि भेट म्हणूनही देता येत नाही, वारशाने काय ती पुढे जाते. म्हणजे समोरच्याने दाखवलेला कागद शंभर टक्के खरा असला, तरी त्याने ते नख मला विकणं हा गुन्हा आणि मी ते बाळाला घालणं हाही गुन्हा. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. वर कलम ५७ आहेच. वस्तू ताब्यात सापडली की ती बेकायदा नाही हे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंगळुरूत एका कन्नड रिॲलिटी शोच्या स्पर्धकाला गळ्यातल्या वाघनखावरून चालू कार्यक्रमातून नेऊन अटक झाली. कॅमेऱ्यासमोर मिरवलेलं पदक बघणाऱ्यांनीच ओळखलं होतं. बारशाचे फोटो तर आपण स्वतःच स्टेटसला टाकतो.

‘नैसर्गिकरीत्या मेलेला वाघ’ ही तर शुद्ध थाप आहे. वाघ कशानेही मरो, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीप्रमाणे त्याचं शवविच्छेदन होतं, नखं, दात, कातडी शाबूत आहेत का ते पाहून नोंदवलं जातं आणि मग अवयवांसकट सगळं साक्षीदारांसमोर जाळलं जातं. बाजारात जायला नख मागे उरतच नाही.

मग खरं नख येतं कुठून? विदर्भात जे होतं ते वाचून मला झोप लागली नव्हती. रानडुकरांपासून पीक वाचवायला शेताच्या कुंपणात चोरून वीज सोडतात. वाघ त्यात चिकटून मरतो. शेतकऱ्याला वाघ मारायचा नव्हता, हे मला मान्य आहे. पण नंतर असे मृतदेह सापडतात की पंजेच नाहीत, सुळे उपटलेले, बाकी धड पुरलेलं किंवा नाल्यात टाकलेलं. नखाला गिऱ्हाईक आहे हे माहीत असल्याशिवाय कुणी मेलेल्या वाघाचे पंजे कापत बसेल का? आणि ठरवून मारणाऱ्या टोळ्या वेगळ्याच. वाघाच्या ठरलेल्या वाटेवर लोखंडी खटके लावून, पाय अडकलेल्या जनावराला गोळी न झाडता मारतात, कारण कातडीला भोक पडलं तर भाव उतरतो. पुढच्या पंजांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, अशी एका वाघाची अठरा नखं. आमच्या सोसायटीत यंदा सहा बाळं झालीत. प्रत्येकाला जोडनख घ्यायचं म्हटलं तर एका वाघाची दोन तृतीयांश नखं आमच्या एका गेटच्या आतच संपली.

ट्रॅफिक नावाची संस्था वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवते. तिच्या अहवालात जानेवारी २००० ते जून २०२२ या काळातल्या जगभरच्या २,२०५ जप्तींची मोजणी आहे, आणि त्या मालाचा हिशोब ३,३७७ वाघांइतका होतो. सगळ्यात जास्त जप्ती भारतातल्या, जवळपास एक तृतीयांश. हे फक्त पकडलं गेलेलं. भावाला मी एवढंच वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘पण ताई, विकतात ती बहुतेक खोटीच असतात ना?’

बरोबर आहे. बरीचशी नखं म्हशीच्या शिंगाची किंवा जनावराच्या खुराची घासून केलेली असतात. पण ‘खरं आहे’ म्हणून घेणाऱ्याने पैसे वाघाच्या मरणाचेच मोजलेले असतात, आणि खऱ्याला किती भाव येईल हे त्या पैशांवरूनच जंगलाजवळच्या माणसाला कळतं.

आकड्यांचंही अर्धं खरं आहे, ते नाकारून मला चालणार नाही. २००६ मध्ये देशात १,४११ वाघ मोजले गेले, २०२२ च्या गणनेत सरासरी अंदाज ३,६८२ आला. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १९० होते, २०२२ मध्ये ४४४ झाले. चंद्रपूर जिल्ह्यात माणसं वाघाच्या हल्ल्यात मरतात हेही खरं. तिथल्या बाईला मोहफुलं वेचायला जाताना जी भीती वाटते, ती दादरच्या फलाटावर उभं राहून कळायची नाही. पण हे वाघ वाढले ते बंदी होती म्हणून. राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यात कागदावर वाघ होते आणि २००५ मध्ये शोधायला गेले तर एकही नव्हता, शिकाऱ्यांनी अख्खं जंगल रिकामं केलं होतं. २००९ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्नाचं तेच झालं. ब्रह्मपुरीसारख्या भागात वाघ अभयारण्याबाहेर, गावांच्या मधल्या झुडपी जंगलात राहतात. एका जंगलातून दुसऱ्यात जायची वाट रस्त्याने, खाणीने, कालव्याने तुटली की जवान नर वाघ शेतात शिरतो. नागपूर-सिवनी महामार्गावर पेंचजवळ रस्ता उचलून खालून वाट ठेवली, तर वाघ तिथून जाताना कॅमेऱ्यात दिसले. चंद्रपूरच्या त्या बाईचं रक्षण अशा वाटांनी होईल, मुंबईत नखं विकून नाही.

महाराजांचं नाव यात ओढलं याचा मला सर्वांत जास्त राग आला. वाघनखं हे पोलादी शस्त्र आहे! मुठीत धरायची पट्टी आणि तिला वाकडी पोलादी पाती. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून साताऱ्याला आणून ठेवली तीही पोलादाचीच. त्यात वाघाचा एक केसही नाही.

फार्मचं म्हणाल तर चीनमध्ये आणि आग्नेय आशियात ती आहेतच. तरी त्याच आग्नेय आशियातल्या कंबोडियात शेवटचा जंगली वाघ २००७ मध्ये कॅमेऱ्यात दिसला, लाओसमध्ये २०१३ नंतर दिसलेला नाही. थायलंडमधल्या एका ‘व्याघ्रमंदिरा’वर २०१६ मध्ये छापा पडला, तेव्हा फ्रीझरमध्ये वाघाची चाळीस मेलेली पिल्लं होती आणि वाघाच्या कातडीचे तुकडे घातलेले ताईत होते. ताईत, बाळाच्या गळ्यात घालतात तसेच.

काकूंना मी काल फोन केला. त्या म्हणाल्या, ‘अगं, तुझ्या आजीने तुलाही घातलं होतं.’ घातलं होतं. फोटोत दिसतं, चांदीत मढवलेलं. ते खरं होतं की शिंगाचं, ते विचारायला आजी आता नाही. तिच्या काळात ही माहिती कुणी तिच्यापर्यंत आणली नाही, माझ्यापर्यंत आली आहे.

मेसेजखालचा नंबर मी पुसलेला नाही. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवला आहे. तुमच्याकडे आला असेल तर तुम्हीही कळवा. बाळासाठी सोनाराकडे अख्ख्या चांदीचं छोटं नख घडवायला टाकलंय, टोक गोल करून, म्हणजे त्याला टोचणार नाही. शनिवारी संध्याकाळी मिळेल.