एका कमांडीत कर्तबगारी

टीममध्ये नाव काढायचं असेल तर नवं फीचर लिहायच्या भानगडीत पडू नका. फीचर लिहिलं की बग निघतात, टेस्टर मागे लागतात आणि शेवटी क्लायंट म्हणतो, हे आम्ही मागितलंच नव्हतं. त्यापेक्षा फॉरमॅटर चालवा, म्हणजे कोडचा अर्थ न बदलता त्याची नुसती मांडणी आपोआप नीटनेटकी करणारा प्रोग्राम. पायथनवाल्यांचा फॉरमॅटर म्हणजे ब्लॅक. सरळ टर्मिनल उघडा, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जा, ‘ब्लॅक’ टाइप करा, एक स्पेस सोडा, एक डॉट द्या आणि एंटर मारा. पायथनच्या यच्चयावत फायलींमधल्या ओळी ८८ अक्षरांच्या मर्यादेत बसवल्या जातात, एकेरी अवतरणचिन्हं दुहेरी होतात आणि काम फत्ते झालं म्हणून ब्लॅक स्क्रीनवर केकचा तुकडाही दाखवतो. इतक्या कमी कष्टात केक अप्रेझललासुद्धा मिळत नाही.

सी प्लस प्लसवाल्यांसाठी क्लँग-फॉरमॅट आहे. फक्त पुढे ‘डॅश आय’ लावायला विसरू नका, नाहीतर सगळा सुधारलेला कोड स्क्रीनवर धो धो वाहून जातो आणि फाइल होती तशीच राहते. ‘गो’ भाषा वापरणाऱ्यांची मात्र कीव येते. त्यांना २००९ पासून भाषेबरोबरच गोफमट हा फॉरमॅटर मिळतो, त्यात मांडणीचं एकही सेटिंग नाही, टॅब म्हणजे टॅब. बिचाऱ्यांना रिव्ह्यूमध्ये कोडच्या लॉजिकवर बोलावं लागतं.

आता मुहूर्त. सहकाऱ्यांच्या ब्रँच, म्हणजे कोडच्या वेगळ्या काढलेल्या प्रती, दोन-तीन आठवडे मुख्य कोडमध्ये मर्ज व्हायच्या राहिल्या असतील, असा शुक्रवार गाठा. संध्याकाळी, लोक बॅगा भरायला लागले की आपले बदल मुख्य कोडमध्ये पुश करा. सोमवारी जो तो मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच ओळीतल्या दोघांच्या बदलांची टक्कर, सोडवत बसेल आणि टीम कशी कामात बुडालेली दिसेल. कमिटचा, म्हणजे बदलांच्या नोंदीचा, मेसेज लांबलचक नको, ‘मायनर क्लीनअप’ पुरे. आणि त्या हजारो ओळींत एखादी खऱ्या बदलाची ओळही सरकवून द्या, एखादं ‘पेक्षा कमी’ जिथे ‘पेक्षा कमी किंवा समान’ करायचं होतं तसलं. वेगळा कमिट करून तिच्याकडे लक्ष का वेधायचं? रिव्ह्यू करणारा पहिल्या फायलीतली अवतरणचिन्हं बघेल, दुसऱ्या फायलीतली बघेल, तिसऱ्या फायलीला ‘एलजीटीएम’, म्हणजे ‘मला तर ठीक वाटतंय’, लिहून चहाला जाईल. त्याचाही दोष नाही, माणूसच आहे तो.

फॉरमॅटरची कॉन्फिग फाइल रेपोत, म्हणजे टीमच्या सामायिक कोडमध्ये, टाकू नका. ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवर ज्याची त्याची आवृत्ती असू द्या. ब्लॅकची शैली जानेवारीत थोडीफार बदलते, तेव्हा एकाकडे गेल्या वर्षीचा आणि दुसऱ्याकडे यंदाचा ब्लॅक असला की तीच ओळ सकाळी तुटते आणि दुपारी जुळते. कमिटचा आलेख कसा हिरवागार राहतो. कोणी म्हणालंच की आवृत्ती पक्की करू, कमिटच्या आधी फॉरमॅटर आपोआप चालवणारा हुक लावू, सीआयवर, म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेवर, मांडणी नुसती तपासणारं ‘डॅश डॅश चेक’ चालवू, तर त्याला ‘चांगली सूचना आहे, पुढच्या स्प्रिंटमध्ये घेऊ’ म्हणा. घोंगडं भिजत ठेवण्यासाठीच स्प्रिंट असतात.

एक पथ्य मात्र पाळा. स्वतः लिहिलेल्या फायलींवर फॉरमॅटर चालवू नका. २०१४ साली ॲपलच्या सुरक्षा कोडमध्ये ‘गोटू फेल’, म्हणजे ‘थेट शेवटाला उडी मार’, ही ओळ चुकून दोनदा पडलेली सापडली होती. दुसरी ओळही पहिलीच्याच खाली, तितकीच आत सरकवलेली; बघणाऱ्याला वाटावं तीही वरच्या ‘इफ’मध्येच आहे. कंस नसल्यामुळे ती होती बाहेर, दर वेळी चालत होती आणि सहीची पडताळणी होण्याआधीच गाडी शेवटाला पोचत होती. फॉरमॅटरने ती ओळ कान धरून डावीकडे, ‘इफ’च्या रांगेत आणून उभी केली असती. असली चहाडी आपल्या फायलीत कशाला? वर ‘क्लँग-फॉरमॅट ऑफ’ अशी कॉमेंट टाका आणि विचारलंच कोणी, तर हाताने जुळवलेला तक्ता आहे म्हणून सांगा.

मग फळं चाखा. कुठली ओळ शेवटची कोणी बदलली ते सांगणारा गिट ब्लेम मारला की बदललेल्या ओळी तुमच्या नावावर. कोणी पाच वर्षं खपून लिहिलेलं बिलिंग मॉड्यूल, त्यात ठायी ठायी तुमचं नाव. आयत्या पिठावर इतक्या रेघोट्या आजवर कोणाला ओढता आल्या नसतील. तुमच्या या लौकिकाला एकच शत्रू आहे. २०१९ मधल्या गिट २.२३ पासून एका फायलीत अशा कमिटचा हॅश, म्हणजे त्याची ओळखखूण, लिहून ठेवता येतो आणि ती फाइल गिटला दाखवली की ब्लेम तो कमिट ओलांडून मूळ लेखकापर्यंत जातो. ही गोष्ट टीममध्ये कोणाच्या कानावर पडू देऊ नका.

राहता राहिला रात्री दोनचा फोन. बिलिंग बंद पडलंय, ब्लेममध्ये तुमचं नाव आहे, आणि पलीकडून मॅनेजर विचारतोय की ही अट अशी का लिहिलीत. घाबरायचं नाही. ‘सर, मी फक्त फॉरमॅटिंग केलं होतं,’ एवढंच म्हणायचं. फक्त अप्रेझलचा महिना सोडून.